दबलेला मणका: वाचकांचे प्रश्न

आई ७४ वर्षांची आहे. वाकून वजन उचलताना पाठीत कळ आली आणि एक्स-रेत मणका दबलेला दिसला. मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट भरून घ्यावं का?

लगेच नको. असे बहुतेक मणके सहा ते बारा आठवड्यांत आपोआप जुळतात. २००९ मध्ये दोन चाचण्यांत काही रुग्णांना खरंच सिमेंट भरलं, काहींना फक्त तसं भासवलं. दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. २०१६ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतल्या, असह्य दुखणाऱ्या फ्रॅक्चरना फायदा दिसला. म्हणून औषधांनीही कूस बदलता येत नसेल, तर एमआरआयमध्ये फ्रॅक्चर ताजं आहे का ते पाहून निर्णय घ्यावा. सिमेंट मणक्याबाहेर झिरपण्याचा धोकाही आधी विचारून घ्या.

वडील तीन आठवडे झोपूनच आहेत. उठवलं तर मणका आणखी दबेल का?

त्यांना उठवा! पडून राहिल्याने स्नायू आणि हाडं आणखी झिजतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, न्यूमोनिया होतो. वेदनाशामक गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, हातावर भार देऊन बसू द्या. दिवसातून अनेकदा थोडं थोडं चालवा. पुढे वाकणं टाळा. पाठीचा पट्टा उठल्यावरच बांधायचा, तोही काही आठवडेच. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते. त्याचं औषध सोबतच मागा.

दुखणं थांबलं. आता फक्त कॅल्शियम चालू आहे. पुरेसं आहे ना?

नाही. घरी सोडताना कितीतरी रुग्णांना एवढंच लिहून दिलं जातं, आणि मला सर्वात जास्त खुपतं ते हेच. ठिसूळ हाडांमुळे मणका मोडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचातल्या एकीचा वर्षभरात दुसरा मणका मोडतो. तुमचा मणका जुळला, हाडं ठिसूळच राहिली. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाईन किंवा फार ठिसूळपणा असल्यास टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं, यांपैकी काय योग्य ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डेनोसुमॅब हे हाडांचं आणखी एक इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. ते मध्येच सोडलं तर एकदम अनेक मणके दबू शकतात. स्टिरॉइड, थायरॉइड, मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) यांपैकी काही कारण नाही ना, हेही तपासून घ्या.

तातडीने कधी धावायचं?

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी. ताप असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तरीही थांबू नका.