कागद आधी, अक्षता मागून

या वेळच्या टपालात सहा पत्रं आहेत. पाच थोडक्यात उरकते, कारण इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलेलं सहावं मला झोपू देत नाही.

पत्र चार पानी आहे. वडील ६९ वर्षांचे, गोव्यात फोंडा तालुक्यात एकटे राहतात. आई २०२१ मध्ये गेली. गावातल्या भजनाला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेशी वडिलांचं जुळलंय. त्या ६२ वर्षांच्या, वीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. सगळा वाडा, म्हणजे तिथली वस्ती, त्यांना 'बाई' म्हणतो. मुलगी लिहिते, "बाबांनी व्हिडिओ कॉलवर अगदी सहज सांगितलं, जसं नारळ पाडून घेतले म्हणून सांगतात तसं. मला धक्का बसला. आईचं कपाट अजून कुलूपबंद आहे. हे घर म्हणजे माझं बालपण. तिथे दुसरी बाई वावरताना मी बघू शकेन का?"

तुला 'तू' म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. तुझ्या दुःखाला मी खोटं म्हणत नाही. आई गेल्यावर विमानतळावर उतरून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणं काय असतं ते मला ठाऊक आहे; मस्कतहून मी अशीच आले होते. पण मी तुझं पत्र पेन्सिल घेऊन वाचलं. 'आई' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि 'घर' सतरा वेळा. बाबा जेवतात काय, हे एकदाही नाही.

बोलते ते स्वतःच्या पापावरून. माझी आई २००९ मध्ये गेली. दोन वर्षांनी बाबांनी एका निवृत्त नर्सबाईंचा विषय काढला आणि आम्ही चौघा भावंडांनी चार देशांतून एकच उत्तर दिलं: लोक काय म्हणतील. बाबा गप्प बसले, पुन्हा कधी बोलले नाहीत. दर शुक्रवारी स्काइपवर इस्त्रीचा सदरा घालून बसायचे, मागे देवघर दिसायचं. कॅमेरा स्वयंपाकघराकडे कधी वळला नाही. ते गेल्यावर खण आवरताना गॅसचं पुस्तक सापडलं. आई असताना सिलिंडर चाळीस दिवसांत संपायचा; शेवटच्या वर्षात एक सात महिने पुरला होता. त्यावर चहाच होत असणार. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे, फेकवत नाही.

तेव्हा बाबांना 'हो' म्हण. पण म्हणण्याआधी माझं एक ऐक. (माझे नेहमीचे वाचक इथे हसतील, 'आली गाडी इन्व्हेंटरीवर' म्हणून. इन्व्हेंटरी म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टातून होणारी त्याच्या मालमत्तेची नोंद आणि वाटणी. हसा.)

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून लागू झाला, आणि घराघरांतली वाटणी अजून त्याच रुळावर चालते. २०१२ चा नवा वारसा कायदा २०१६ मध्ये अमलात आला, तोही त्याच वळणाचा. लग्नाआधी करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आणलेली, मिळवलेली, वारशाने आलेली, सगळ्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणजे घराच्या सोळा आण्यांतले आठ बाबांचे आणि आठ तुझ्या आईचे. आईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिचे आठ आणे त्याच दिवशी तुम्हा भावंडांचे झाले. बाबांच्या आठांतही फक्त चार आण्यांचं मृत्युपत्र त्यांना मर्जीप्रमाणे करता येतं. उरलेले चार मुलांसाठी राखीव. 'बाबा सगळं तिच्या नावावर करतील' असं जे तू तिसऱ्या पानावर खोडून पुन्हा लिहिलंयस, त्याची भीती आता सोड. बारा आणे कुणालाही हलवता येत नाहीत.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. आई गेल्यावर तुम्ही इन्व्हेंटरी केली का? खात्री आहे, नाही. बाराव्याला पानं उठली आणि सगळे विमानात. घर अजून कागदावर जिथे होतं तिथेच आहे, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर बहुतेक आजोबांचं नाव असेल. अशा न वाटलेल्या घरात बाबांनी करार न करता लग्न केलं, की बाबांच्या वाट्यात बाईंचाही हक्क मिसळतो. पहिल्या लग्नाची मुलं असली की कायदा काही मर्यादा घालतो, त्या वकिलाकडून समजून घे. पण पुढे कधीही वाटणी निघाली तर त्या बाई त्यात पक्षकार, आणि तुझं लग्न गोव्यात करार न करता झालं असेल तर तुझा नवराही. त्याची सही लागेल, माहीत होतं?

माझ्या थोरल्या भावाचं सांगते. ५८ व्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. वहिनी सोन्यासारखी, मुलांनीच पुढाकार घेतला होता. मी म्हटलं, दादा, आधी कागद. तो म्हणाला, तुझं आपलं भलतंच, प्रेमात कुणी नोटरीकडे जातं का! तीन वर्षांत तो गेला. आज वहिनी आणि त्याची मुलं फक्त तारखेला भेटतात. गेल्या खेपेला मी सोबत गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर वहिनीने मुलापुढे डबा उघडून धरला, त्याला आवडतात त्या सुरणाच्या फोडी होत्या. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. वहिनीने झाकण परत लावलं. दोघेही वाईट नाहीत, हेच मला सहन होत नाही.

तर क्रम असा ठेव. आधी आईच्या वाट्याची इन्व्हेंटरी. भावंडं परदेशी असली तर मुखत्यारपत्र चालतं. तिकडे नोटरी आणि अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून पाठवायचं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, हे लोक विसरतात. मग बाबा आणि बाईंचा लग्नाआधीचा करार, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा. लग्न झाल्यावर तो करता येत नाही, केलेला बदलता येत नाही. त्यानंतर रजिस्ट्रारकडे पहिली सही, पंधरा दिवस आक्षेपांची मुदत, आणि मग दुसरी सही. बाबा पहिली सही करून मोकळे झाले असतील तरी दुसरीआधी हातात दिवस आहेत. आणि करारात बाईंचाही विचार कर. बाबा आधी गेले तर त्यांना त्या घरात राहता येईल का, हे तूच काढ. तुझ्या तोंडून निघालं तर बाबांना किती हलकं वाटेल, ते माझ्याकडून लिहून घे.

बाकीचे प्रश्न. त्यांना हाक काय मारायची? सगळा वाडा बाई म्हणतो, तूही म्हण. आईचं श्राद्ध कोण करणार? जे आजवर करत आलेत तेच. देवळात लोक काय म्हणतील? आठ दिवस म्हणतील, मग पालखी येईल.

आता पाच जण. बहारीनचे ४९ वर्षांचे विधुर गृहस्थ: ॲपवर वय कमी लिहू नका, आणि मुलीला तुमच्याकडूनच कळू द्या. लिस्बनच्या ताई: घटस्फोटाला वर्षही झालं नाही, थोडं थांबा. टोरांटोचं जोडपं: सासूबाईंना फेसबुकवर मित्र मिळाला यात समुपदेशन कसलं, त्यांना आनंदात राहू द्या, पैसे मागितले तर मात्र लगेच कळवा. दोहाहून ज्यांनी 'पन्नाशीत प्रेम शोभतं का' विचारलं, त्यांनी धोंडो केशव कर्वे आठवावेत. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गाव काय म्हणालं असेल? पाचवं पत्र पाककृतीचं आहे, ते चुकून माझ्याकडे आलंय.

स्विंडनच्या मुली, तू लिहितेस की चवथीला येणार आहेस, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला. जरूर ये. पण तिकीट दोन आठवडे अलीकडचं काढ. चवथीच्या दिवसांत ऑफिसात कुणी भेटत नाही, आणि आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती तरी लागतील. तो त्या कुलूपबंद कपाटातच असणार. किल्ली बाबांकडे माग.