इंग्रजी शोधनिबंध स्क्रीनवर वाचताना दर ओळीला अडखळत असाल तर

तुम्ही लिहिलंय की पदवीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता एम.ए.ला इंग्रजी शोधनिबंध वाचावे लागतात, दर ओळीला गूगल ट्रान्सलेट उघडावं लागतं आणि शेवटी हाती काही लागत नाही. एवढ्यावरून आपलं वाचनच कच्चं, असं कृपया ठरवू नका.

शिओरी आणि मोख्तारी या संशोधकांनी २००१ साली अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची इंग्रजी ही दुसरी भाषा होती, ते शब्दकोश, अधोरेखन, टिपणं यांना फार महत्त्व देत होते, आणि त्यांच्यातले उत्तम वाचकही देत होते. उत्तम वाचक वेगळे ठरतात ते आपण कशासाठी वाचतोय याचं भान ठेवतात म्हणून, आणि कुठे समजेनासं झालं हे त्यांना तिथेच कळतं म्हणून.

त्यामुळे पीडीएफ पहिल्या ओळीपासून वाचायला घेऊ नका. आधी गोषवारा, मग निष्कर्ष, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद. निबंधात काय केलंय ते बहुधा तिथे सांगितलेलं असतं. एवढ्यावर थांबून ‘लेखकाचं म्हणणं काय?’ याचं उत्तर स्वतःच्या मराठीत एका वाक्यात लिहा. चुकलं तरी चालेल, पुढे दुरुस्त होतं. तोवर भाषांतराची खिडकी बंदच राहू द्या.

अडचण शब्दांची वाटते, पण बऱ्याचदा ती वाक्याची असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याची आपल्याला सवय. शोधनिबंधातल्या इंग्रजीत कर्ताच दोन ओळी लांबतो आणि मुख्य क्रियापद मध्येच कुठेतरी दडतं. असं वाक्य आलं की आधी ते क्रियापद शोधा, त्याखाली रेघ मारा, मग ‘कोण?’ आणि ‘काय?’ विचारा. मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी हेच करायला लावते. अख्खा परिच्छेद यंत्राकडे दिला तर गुळगुळीत मराठी मिळतं, पण त्यात एखादं ‘कदाचित’ किंवा ‘नाही’ गळून गेलं तर ते लक्षातही येत नाही. अडलेलं एखादं वाक्य द्या, आणि मूळ वाक्याशेजारी ठेवून ताडून बघा.

शब्दांसाठी भाषा-संशोधक कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दसूची (Academic Word List) वापरा. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं असे गट, आहेत आणि शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यांतले असतात. विषयातल्या संज्ञा वर्गात कळतातच. सगळ्या विषयांत फिरणारे हे शब्द मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही.

मोबाइलवर दोन रकान्यांची पीडीएफ वाचणं टाळा. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कागदावर वाचलेलं अधिक समजतं असं दिसलं, विशेषतः माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असताना. तेव्हा प्रबंधाला आधार ठरणारे निबंध तरी छापून घ्या, समासात मराठीत लिहा.

तुमचा विषय कळवलात तर सुरुवातीला कोणत्या प्रकारचा निबंध घ्यावा ते सुचवेन.