वाचकांचे प्रश्न : टिटवीची अंडी आणि कॅमेऱ्याचे अंतर

प्रश्न : मी पैठण तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. दोन वर्षांपासून मला पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद लागला आहे. या मे महिन्यात आमच्या नांगरलेल्या रानात टिटवीने चार अंडी घातली. मी आठवडाभर रोज दुपारी जवळ बसून अंड्यांचे आणि टिटवीचे फोटो काढले. एका जाणत्या पक्षीनिरीक्षकांनी ते पाहून ‘घरट्याचे फोटो काढत जाऊ नकोस’ एवढेच सांगितले. मी अंड्यांना बोटही लावलेले नाही. मग माझे चुकले काय?

उत्तर : अंड्यांना बोट लावले नाही हे उत्तमच झाले, परंतु तुमच्या पत्रातला ‘दुपारी’ हा शब्द वाचून मी थबकलो. टिटवीचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, त्याच्या कडेने मांडलेले खडे, ढेकळांचे तुकडे आणि शेळ्यांच्या लेंड्या. तिथे सावली नावाची गोष्ट नसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या रानाची ढेकळे हवेपेक्षाही अधिक तापतात. त्या वेळी नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर येतात ते ऊन स्वतःच्या पाठीवर घेऊन अंड्यांवर सावली धरण्यासाठी. उन्हाचा कहर झाला की त्यांच्यातला एक पाण्यावर जातो, पोटाची पिसे भिजवून घेतो आणि तसाच ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसतो. गार पडलेले अंडे काही काळ तग धरते, पण जास्त तापलेल्या अंड्यातला जीव फार लवकर जातो. तुम्ही दहा-बारा फुटांवर बसलात की ती जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते आणि तेवढा सगळा वेळ अंडी उघडी भाजत असतात. तुमच्या ज्या फोटोत चारही अंडी, त्यांच्यावरच्या काळ्या ठिपक्यांसह, स्वच्छ दिसत असतील, तो नेमका सावली उठून गेल्याच्या वेळचा फोटो आहे.

दुसरा धोका नजरेचा. मातकट रंगामुळे ही अंडी ढेकळांत मिसळून जातात आणि हेच त्यांचे एकमेव कुंपण असते. रोज एकाच जागी माणूस येऊन बसतो आणि त्याच्या डोक्यावर टिटव्या आकांत करतात, हे बाभळीवरचा कावळा पाहत असतो. आपल्या पावलांच्या वासावर कुत्रे आणि मुंगूस त्या वाटेने येतात. ही चूक माझ्याही हातून घडलेली आहे. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या दिवसांत आमच्या अंगणातल्या मेंदीच्या झुडपात बुलबुलाने घरटे केले होते. समोरची फांदी फोटोत आडवी येत होती म्हणून मी ती सुतळीने मागे बांधली, चार फोटो काढले आणि सोडून देईन म्हणत विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्या झुडपातून बाहेर पडताना दिसला आणि घरटे रिकामे होते. ते फोटो चांगले आले होते. ते मी कधीही छापायला दिले नाहीत.

कायद्याचेही सांगतो, कारण हौशी मंडळींपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश आहे.

याचा अर्थ टिटवीचा फोटो काढूच नये असा नाही. उजाडताना, ऊन चढण्याच्या आत, पन्नास-साठ पावलांवरून काढा. आखाड्यावरची बाज, उभा ट्रॅक्टर किंवा सोडलेली बैलगाडी यांच्या आडोशाला बसा; रानातले पक्षी जनावरांना आणि वाहनांना जितके सरावलेले असतात तितके उभ्या माणसाला नसतात. किती जवळ जायचे हे टिटवीच सांगते. ती मान वर काढते, मग उठून दोन पावले चालते, मग ओरडते. पहिल्या खुणेलाच थांबावे आणि ती उठलीच तर ती पुन्हा बसेपर्यंत मागे सरकावे. दुपारी मात्र घरटे सोडून पाणवठा गाठा आणि तोही दुरून, म्हणजे तिचे पाणी तुटणार नाही. पाण्यात पोट भिजवून, पिसांतून थेंब गळत असताना रानाकडे उडणाऱ्या टिटवीचा फोटो तुम्हाला मिळाला, तर अंड्यांच्या शंभर फोटोंपेक्षा तो जास्त सांगून जाईल. सुमारे चार आठवड्यांत पिल्ले निघतात आणि लवकरच ती घरटे सोडून आई-बापांच्या मागे चालू लागतात. त्यांचे फोटो दुरूनही सुरेख येतात.

एक विनंती. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस भरपूर, हा ठोकताळा तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की माहीत असेल. तो खरा ठरतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. पण त्यासाठी अंडी कुठे आहेत हे ध्यानात ठेवणारे आणि पाळी घालताना तेवढ्या जागेपुरता वखर उचलून पुढे टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या रानात पुन्हा अंडी दिसली, तर घरच्यांशी तेवढे बोलून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या मामाने दिलेला जुना डीएसएलआर आणि 70–300 ची लेन्स तिच्याकडे आहे. आता ती 600 मिलिमीटरच्या लेन्सचा हट्ट धरून बसली आहे. लेन्स महाग आहे. घ्यावी का? (एक पालक, परभणी)

उत्तर : आत्ता घेऊ नये. फोटो मऊ, म्हणजे धूसर येतात अशी तिची तक्रार असेल, तर ते किती वाजता काढलेले आहेत हे आधी पाहा. ऊन चढले की काळ्या रानावरची आणि उथळ पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि मोठी लेन्स ती थरथरही मोठी करूनच दाखवते. त्याच कॅमेऱ्याने सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, उन्हाकडे पाठ करून आणि जमिनीवर पालथे पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढायला तिला सांगा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल. बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंद आणि उडत्याला 1/2000 सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड लागतो. गडद पार्श्वभूमीवरचा बगळा पांढरा फटक होऊन येतो, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी करावे. उजळ आभाळापुढच्या काळ्या कोतवाल पक्ष्यासाठी ते वाढवावे.

खर्च करायचाच असेल, तर आधी 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण घ्या. पक्षी आता उडणार की चरत राहणार हे पाहून पाहूनच कळते, आणि दुर्बिणीने पाहणाऱ्या मुलाचे बोट पुढे शटरवर वेळेवर पडते. हिवाळ्यात तिला येलदरीच्या धरणावर न्या, आणि जमेल तेव्हा जायकवाडीला. नाथसागराचा हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन विभागाचे परवानगीचे नियम आधी विचारून घ्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या रानांत चरून पाण्यावर परततात. त्या वेळी ते मोठ्या थव्याने उडतात, आणि थव्याच्या फोटोला 300 ची लेन्सही पुरून उरते.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला की पक्षी समोर येऊन बसतो. असे करणे योग्य आहे का? आणि फोटोसोबत नेमके ठिकाण द्यावे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तो पक्षी पाहुणचाराला येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो भांडायला येतो आणि नसलेल्या शत्रूला शोधण्यात त्याचा चारणीचा वेळ जातो. विणीच्या काळात तर पिल्ले तेवढा वेळ उपाशी आणि उघडी राहतात. आवाज लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठिकाणाचे उत्तर पक्ष्यावर अवलंबून आहे. तळ्यावरच्या बदकांचे ठिकाण खुशाल सांगा. त्यामुळे तळे राखायला चार माणसे उभी राहतात. परंतु कोणतेही घरटे, माळढोक किंवा घुबडाची ढोली यांचे ठिकाण सांगू नका. दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी घुबडे पकडली जातात आणि ढोलीचा पत्ता हातोहात फिरतो. अशा फोटोखाली जिल्ह्याचे नाव पुरे. आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप साठत असते, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन आधी बंद करा.