रात्री ओढ्यात दगडाला चिकटलेला मिशीवाला छोटा मासा कोणता? घरी टँकमध्ये ठेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मावळात ट्रेकला गेला होतात, रात्री ओढ्यात टॉर्च मारला तर बोटाएवढा मातकट मासा, मिशा असलेला, भर धारेत दगडाला चिकटून बसला होता आणि हात नेल्यावर सुळकन दगडाखाली गेला. फोटो नाहीये, पण वर्णनावरून तो बहुतेक ग्लिप्टोथोरॅक्स असणार. म्हणजे शिंगटी, शिंगाळा वगैरेंचा भाऊबंदच, खवले नसलेला, फक्त हा धारेत राहणारा.

पाऊस ओसरला की मी रात्री ओढ्यांवर जातो, खास असले मासे बघायला. एकदा हाच मासा ओंजळीत पाण्यासकट धरून जरा उलटा करून पाहिला, तर छातीवर दोन परांच्या मध्ये कातडीच्या बारीक उभ्या घड्या, अगदी आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या! या घड्यांनीच तो दगड धरतो. शिवाय अंग खालून चपटं, आणि दगडाला अगदी लागून वाहणारं पाणी वरच्या पाण्यापेक्षा बरंच संथ असतं, त्यामुळे जिथे आपला पाय घसरतो तिथे हा निवांत बसलेला असतो. हातात घेताना मात्र जपून, पराचा पुढचा काटा चांगलाच टोचतो.

आता रात्रीच का दिसतो, तर त्याचं जेवण तेव्हा बाहेर येतं. पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या दिवसा दगडांच्या खाली दबून असतात कारण दिवसा डोळ्यांनी बघून खाणारे मासे फिरत असतात, अंधार पडला की त्या वर चरायला येतात आणि कितीतरी धारेबरोबर वाहत सुटतात. याला डोळ्यांची फारशी गरजच नाही, तोंडाभोवती मिशांच्या 4 जोड्या आहेत, त्यांनी चाचपत तो अळ्या शोधतो.

ग्लिप्टोथोरॅक्समधली एक जात तर पुण्याच्याच नावाची आहे, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1938 मध्ये मुळा-मुठेतल्या माशांवरून तिचं वर्णन केलं. त्याच्याही आधी 1839 मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा कितीतरी शास्त्रीय नावं इथल्या लोकांच्या तोंडची उचलली, शिंगटीचं तर थेट 'सींगटी' करून टाकलं. आज शहरातून जाणारी मुळा-मुठा बघितली की मला खरंच कसंतरी होतं, ज्या नदीवरून माशाला नाव मिळालं तिची ही अवस्था.

टँकचं म्हणाल तर प्लीज नको. त्याला सतत खळाळतं, ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं, साध्या फिल्टरच्या टँकमध्ये तो हळूहळू गुदमरतो. ओढ्यातसुद्धा बंधाऱ्याने पाणी साचलं किंवा वरून माती वाहून आली की दगडांमधल्या फटी गाळाने बुजतात, मग ना त्याला लपायला जागा राहते ना अळ्यांना. कुणी मासे मारायला पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली तर विचारूच नका.

परत जाल तेव्हा लाल प्रकाशाचा टॉर्च न्या, पांढऱ्याने ते लगेच दडतात. आणि बघायला दगड उचललात तर तो होता तसाच, तीच बाजू खाली ठेवून, हळूच परत ठेवा, कधीकधी त्याच्या खालच्या बाजूला अंडी किंवा अळ्या चिकटलेल्या असतात.