'वॉच', वज्र आणि पाळत

प्रश्न : ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतल्या 'बिग ब्रदर इज वॉचिंग यू' या वाक्यासाठी मराठीत 'देखरेख' हा शब्द चालेल का?

नाही चालणार. इंग्रजीत सर्व्हेलन्स (गुपचूप नजर ठेवणं) दिसलं की 'देखरेख' लिहून मोकळं व्हायचं, हे आता फार वाढलंय आणि दर वेळी वाचून संताप येतो. देखरेख मुकादम गवंड्यांवर करतो, तीही समोर उभं राहून. १९४९च्या त्या कादंबरीतला टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवरचा पडदा, दाखवतो तसा बघतोही, पण नेमका कधी बघतोय ते कळत नाही. त्याला पाळत म्हणतात.

आता 'वॉच'कडे या. वॉच आणि वेक सख्खे भाऊ; पाहणं मागाहून आलं, आधी जागं राहणं. सर्व्हेलन्स फ्रेंच, आणि त्याच्याही पोटात 'जागणं'च आहे, लॅटिन 'विजिल'कडून आलेलं. १७९३ साली फ्रान्समध्ये परक्यांवर आणि संशयितांवर नजर ठेवायला गावोगाव समित्या नेमल्या, त्यांच्या नावातच हा शब्द होता. इंग्रजीत तो त्यानंतर आला. म्हणजे घराणं एकच, आणि मूळ धातूचा अर्थ जोमदार असणं! संस्कृतातला 'वाज', म्हणजे बळ, त्याच घराण्यातला. माझ्या मते इंद्राचं वज्रही. वज्राचा संबंध 'फोडणे' अर्थाच्या धातूशी लावणारे अभ्यासक आहेत. ते घाव बघून शस्त्राला नाव देतात, हातातलं बळ बघतच नाहीत. मला ते मुळीच मान्य नाही. सत्ता आणि पहारा एकाच मुळातून फुटले, हे इतकं लख्ख दिसत असताना दुसरीकडे कशाला जायचं?

आपली 'पाळत' मात्र 'पाळणे'मधून आली : सांभाळणं आधी, नजर ठेवणं नंतर. इंग्रजी 'गार्ड' नेमका उलट चाललाय. त्याच्या जुन्या जर्मानिक मुळात लक्ष ठेवणं आहे, राखण मागाहून. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या १९८५च्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत हेर म्हणजे 'डोळे' आणि पहाऱ्यावरचे शिपाई 'गार्डियन', म्हणजे पालक. पाळत ठेवणाऱ्याला पालक म्हणायचं! मराठीने हे नातं एका धातूत कधीच बांधून ठेवलंय.

तुमचं वाक्य राहिलंच. 'थोरला भाऊ' नको, तो एकत्र कुटुंबातला वाटतो. 'दादा' घ्या : वडील भाऊही तोच, गल्लीवर हुकमत गाजवणाराही तोच. आणि कादंबरीत हे वाक्य ज्याच्याखाली लिहिलंय, ते भिंतीवरचं हुकूमशहाचं चित्र प्रत्येकाला एकेकटं गाठतं, तेव्हा 'तुमच्यावर' नव्हे : 'दादाची तुझ्यावर पाळत आहे.'