नवीन कंपनीत प्रोजेक्ट लीड झाल्यावर तिथल्या कल्चरमध्ये कसं रुळायचं?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं डेव्हलपर होतात, आता नव्या कंपनीत लीड म्हणून लागलात, टीम जवळ करत नाही आणि मॅनेजर सारखं "आपल्या कल्चरमध्ये मिसळून जा" म्हणतात, तर नेमकं करायचं काय. हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय म्हणून लिहायला बसले, एरवी मी इथे फक्त वाचते.

स्पष्टच सांगते, आयटीत कल्चर म्हणून जे सांगतात त्यातलं निम्मं कुणातरी एका माणसाची सवय असते आणि बाकीच्यांनी ती कधी विचारून पाहिलेली नसते.

२०१८ मधली गोष्ट. हिंजवडी फेज ३, अमेरिकेच्या पूर्वेकडचा इन्शुरन्स क्लायंट, नऊ जणांची टीम आणि मी पहिल्यांदाच लीड. क्लायंटबरोबर रोजचा कॉल त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला असायचा. अर्ध्या तासात संपायचा, सव्वासातची कंपनीची बस मिळायची आणि चिंचवडला पाळणाघर बंद व्हायच्या आत मी मुलाला घ्यायला पोचायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात हे तुम्हाला माहीतच असेल, त्यांचे नऊ नऊच राहतात पण आपले साडेसात होतात ते थेट मार्चपर्यंत. आणि सव्वासातनंतरची बस दहाची.

त्या वर्षी ४ नोव्हेंबरला घड्याळं बदलली आणि सोमवारी, ५ तारखेला, धनत्रयोदशी. सगळी टीम साडेसातच्या कॉलला बसलेली. तळेगावचा एक मुलगा टू-व्हीलरवर अंधारात हायवेने जाणार, पीजीत राहणाऱ्या मुलीचं गेट दहाला बंद होणार, माझा मुलगा शेजारच्या काकूंकडे. बरं, कॉल आठला संपला तरी दहापर्यंत बस नाही म्हणून सगळे डेस्कवरच, आणि बसलाच आहात तर हे जरा बघून टाका म्हणत वरून काम यायचं. मी टीममधल्या सगळ्यात जुन्या मुलाला विचारलं, दरवर्षी असंच असतं का? म्हणाला, "हो मॅम, माझा चौथा हिवाळा." मग क्लायंटला कुणी विचारलं का वेळ बदलता येईल का म्हणून? तो नुसता बघत राहिला.

आधी मी रीतसर आमच्या डिलिव्हरी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "अगं, क्लायंटला आपण वेळा सांगत नाही, ते आपल्या कल्चरमध्ये नाही. आणि टीम उशिरा बसते ना, त्यालाच ओनरशिप म्हणतात." मी गप्प बसले. पण दिवाळीनंतर एका कॉलच्या शेवटी क्लायंटकडच्या बाईंनी आपणहून विचारलं की तुमचा सण कसा झाला, तेव्हा मला राहवलं नाही, मी विचारलं की मार्चपर्यंत हा कॉल तुमच्या आठला घेता येईल का. त्या म्हणाल्या, मी तर साडेसातलाच ऑफिसात असते, मला वाटायचं नऊ तुम्हाला सोयीचं आहे! संपलं. दोन मिनिटांत चार हिवाळ्यांचा प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवसापासून कॉल साडेसहाला आणि टीम सव्वासातच्या बसमध्ये.

माझ्या वाट्याला काय आलं, तर मीटिंग रूममध्ये बोलावून "तू मला बायपास केलंस" आणि अप्रेझलमध्ये "टेक्निकली उत्तम, कल्चरशी जुळवून घेण्यासाठी प्रयत्न आवश्यक". प्रमोशन एक वर्ष पुढे. ते वाक्य मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

त्या ओनरशिपवाल्या मुद्द्याला तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, ते इथे देते कारण तुम्हालाही हे कुणीतरी ऐकवणारच. टाइमशीटमध्ये भरता येत होते आठ तास. टीम बसायची अकरा तास. वरचे तीन तास कुठेच लिहिले जात नव्हते, क्लायंटला बिल होत नव्हते, मॅनेजरच्या शीटमध्ये दिसत नव्हते. म्हणजे पुढच्या रिलीजचं एस्टिमेट काढताना सगळे म्हणणार की मागचं काम एवढ्या तासांत झालं होतं, आणि ते आकडे तर खोटे! मग पुन्हा कमी एस्टिमेट, पुन्हा उशिरा बसणं. फिक्स्ड प्राइस, म्हणजे रक्कम आधीच ठरलेल्या प्रोजेक्टमध्ये तर हे चक्र कंपनीच्या पथ्यावरच पडतं. ह्यात ओनरशिप कुठे आली? ती माणसं स्वतःच्या घरचा वेळ घालून कुणाचीतरी चूक झाकत होती. शिवाय महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला काम करायला लावायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षित ने-आण करायची जबाबदारी कंपनीची असते, हे लीडला माहीत पाहिजे. मला तेव्हा नव्हतं.

आता तुमचं. टीम जवळ करत नाही कारण त्यांना कळत नाहीये की तुम्ही वरचा निरोप खाली आणणारे आहात की खालची अडचण वर नेणारे. टीम लंचने हे कळत नाही. पहिल्या महिन्यात एकेकाला बाजूला घेऊन विचारा की घरी किती वाजता पोचतोस आणि कशाने. जिरा म्हणजे कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, त्यातली जुनी तिकिटं वाचा, कोण कुणाला विचारल्याशिवाय काहीच करत नाही ते कमेंट्समध्ये दिसतं. शेवटची प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टीममध्ये गडबड झाली तेव्हाचा आरसीए, म्हणजे मूळ कारण शोधल्याचा रिपोर्ट, मागून घ्या, त्यात कारण लिहिलंय की माणसाचं नाव, एवढ्यावरून तिथलं कल्चर कळेल, इंडक्शनच्या स्लाइड्सवरून कळणार नाही. आणि चहाला टपरीवर जा, तुम्ही चहा पीत नसाल तरी जा, निर्णय तिथे होतात.

हेही सांगायला हवं, मॅनेजर साफ चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. विचारायच्या आधी त्यांना एक मेल टाकायला हवा होता, "मी हे क्लायंटला विचारतेय" एवढंच. त्यांना ते वरच्यांकडून कळलं आणि त्यांची पंचाईत झाली, ते मला स्वतः मॅनेजर झाल्यावर समजलं. प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे क्लायंटसाठी नाही तर स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत असाल तर ह्यातलं बरंच लागू पडणार नाही. आणि डोक्यावर होम लोन असेल, प्रोबेशन चालू असेल तर माझ्यासारखं कॉलवर थेट बोलू नका, सहा महिने थांबा. माझ्या नवऱ्याची नोकरी पक्की होती म्हणून मला ते परवडलं.

मी ती कंपनी २०२० च्या सुरुवातीला सोडली. तो चार हिवाळेवाला मुलगा आता तिथे लीड आहे. मागच्या नोव्हेंबरमध्ये त्याचा मेसेज आला होता, "मॅम, कॉल अजून साडेसहालाच आहे. नवीन मुलं म्हणतात, इथलं कल्चरच आहे."