दार तोडणारा भला माणूस

"मॅडम, याला कुणीच चांगलं दिसत नाही हो."

गेल्या दोनेक वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोरच्या खुर्चीतून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या पुढचंही मला पाठ झालंय. लहानपणी पाठीला टॉवेल बांधून पलंगावरून उड्या मारणारा मुलगा आता सुपरहिरोंना हुकूमशहा म्हणतो. सगळे मिळून सिनेमा बघत बसले की मध्येच विचारतो, "याला निवडून कुणी दिलंय?" आणि सगळ्यांचा विरस करून उठून जातो. आईवडिलांना वाटतं, पोरगं कडवट झालं. डोळ्यांसमोर आदर्शच उरले नाहीत तर हा पुढे कशाला धरून चालणार?

हीच काळजी घेऊन आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात-आठ भेटींतलं बोलणं चार-पाच प्रसंगांत आणलंय.

मुलगा सोळा वर्षांचा. वडील मितभाषी, शांत, घरातली प्रत्येक गोष्ट जातीने बघणारे. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नाही. पहिल्या भेटीत आईने तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तिचं वाक्य वडिलांनीच पुरं केलं, तेही अगदी मायेने. मी वहीत तेवढंच टिपून ठेवलं.

भांडणाला निमित्त झालं वडिलांच्या आवडत्या सिनेमाचं, २००८ च्या 'द डार्क नाइट'चं. त्यात खलनायक जोकरला शोधायला बॅटमन एका यंत्राने शहरातल्या सगळ्यांच्या मोबाइलना चोरून कान बनवतो. मुलगा म्हणाला, हे चूक आहे. वडील म्हणाले, अरे, त्यामुळेच माणसं वाचली ना. शब्दाने शब्द वाढला, दार आपटलं गेलं, आणि आठवडाभर घरात अबोला.

मुलगा एकटा भेटला तेव्हा विचारलं, "तुला बॅटमन आवडत नाही का रे?"

"आवडतो ना. म्हणून तर राग येतो."

"कशाचा?"

"तो चांगलाय तोवर ठीक. उद्या त्याचं डोकं फिरलं तर त्याला थांबवणार कोण?" मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही 'द बॉइज' ही मालिका बघितलीय? त्यात होमलँडर नावाचा सुपरहिरो भर गर्दीत एका माणसाला मारून टाकतो. लोक क्षणभर गप्प होतात आणि मग टाळ्या वाजवतात. मला होमलँडरची नाही वाटत एवढी भीती. त्या टाळ्यांची वाटते."

आता सांगा, हे बोलणारा मुलगा कडवट आहे? माझ्या मते तो घरातला सगळ्यात जास्त विचार करणारा माणूस होता.

ही शंका आजच्या पिढीने उकरून काढलेली नाही, हे अशा पालकांना मी आवर्जून सांगते. सुपरमॅन जन्माला घालणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. १९३३ साली त्यांनी पहिल्यांदा 'सुपर-मॅन' या नावाची गोष्ट केली, तेव्हा त्यांचा महामानव खलनायक होता. दुसऱ्यांचं मन वाचणारा, जगावर राज्य करायला निघालेला. नायक झाला तो नंतर, १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. म्हणजे अमर्याद ताकद म्हटल्यावर त्या दोन पोरांनाही आधी हुकूमशहाच सुचला होता.

त्या पहिल्या अंकातला प्रसंग मला फार आवडतो. एका निरपराध बाईला थोड्याच वेळात देहदंड होणार आहे. सुपरमॅन रात्री गव्हर्नरच्या बंगल्यावर धडकतो, नोकर आत सोडत नाही म्हणून दार फोडतो, झोपायच्या खोलीचं पोलादी दारही उखडतो आणि खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब गव्हर्नरच्या हातात देतो. पण शिक्षा थांबवायचा फोन करतो तो गव्हर्नरच. मंदीत पोळलेल्या, आपलं कुणी ऐकत नाही असं वाटणाऱ्या वाचकाने हे वाचताना टाळ्या पिटल्या असतील. आजच्या मुलाची नजर मात्र मोडलेल्या दाराकडे जाते. आज बाईसाठी तोडलं, उद्या कुणासाठी तोडेल? दोघंही बरोबर आहेत. फरक एवढाच की एक जण बंद दाराबाहेर ताटकळत उभा होता आणि दुसरा आपल्याही घराला दार आहे हे जाणून आहे.

ताकदवान नायक बघताना पोटात कुठेतरी गोळा येतो त्याचं कारण इथेच आहे. गुन्हेगार कोण ते तोच ठरवतो, पकडतोही तोच, शिक्षाही बहुतेक वेळा तोच देतो. त्याच्या निकालावर अपील नाही. मुखवट्यामागे कोण आहे ते कळत नाही, म्हणजे जाबही विचारता येत नाही. आणि सामान्य माणसं काय करतात? वर बघत उभी राहतात. आपण सुखरूप आहोत की नाही हे एका माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून असेल, तर त्याचा मूड बिघडला की संपलंच. त्यातून ही ताकद जन्मजात असेल, कमावलेली नसेल, तर ती कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

गंमत बघा, १९४० मध्ये हिटलरच्या 'एसएस' या नाझी दलाच्या साप्ताहिकाने सुपरमॅनची आणि त्याच्या ज्यू निर्मात्याची खिल्ली उडवली होती. आणि १९५४ मध्ये अमेरिकेतच फ्रेडरिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ त्याच सुपरमॅनमध्ये नाझी छाया बघत होते. त्याच्या छातीवर एकच 'एस' आहे, दोन नाहीत, हे नशीब समजायचं, असा टोमणा त्यांनी मारला होता. वर्थम माझ्याच क्षेत्रातले, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं विषयांतर करते. फार भला माणूस. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय गरिबांसाठी १९४६ साली त्यांनी मानसोपचारांचा दवाखाना काढला. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी त्यांची खात्री होती आणि मुलांना वाचवायचा ध्यास. पण त्यांची कागदपत्रं खुली झाल्यावर, २०१२ मध्ये, एका अभ्यासातून समोर आलं की मुलांच्या बोलण्यात आणि नोंदींमध्ये त्यांनी आपल्या मताला सोयीचे फेरफार केले होते. मुलांना वाचवता वाचवता मुलांचंच म्हणणं बदललं. हे वाचलं तेव्हा मी जरा हादरलेच होते.

कारण तेच मीही करून बसले. तिसऱ्या भेटीत वडिलांना एकटं बोलावून मुलाची बाजू मी अगदी वकिलासारखी मांडली. छान बोलले असं मलाच वाटलं. पुढच्या वेळी मुलगा आला तो तोंड पाडून. "मॅडम, हे मी स्वतः सांगणार होतो."

बास. मीही दार तोडूनच आत शिरले होते, त्याच्या भल्यासाठी!

आम्ही ज्या परंपरेत शिकलो तिथे मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये मांडलेला एक साधा त्रिकोण आहे: छळणारा, पीडित आणि तारणहार. त्यांनी तो परीकथांवरून समजावला होता. हॅमेलिनचा पुंगीवाला आठवा. आधी गावाला उंदरांपासून सोडवणारा तारणहार, ठरलेली रक्कम बुडवली गेली तेव्हा पीडित, आणि शेवटी गावची मुलं घेऊन जाणारा. माणूस तोच, पुंगीही तीच. इतकी वर्षं मी हा त्रिकोण क्लायंटना काढून दाखवतेय, पण त्यातल्या तारणहाराच्या कोपऱ्यात मी स्वतःला क्वचितच उभं केलं होतं. वरिष्ठांकडे सुपरव्हिजनला गेले तेव्हा हे सगळं सांगितलं. आमच्या व्यवसायात निदान ती सोय आहे. आपलं काम दुसऱ्या कुणापुढे तरी उघडून ठेवावं लागतं.

पाचव्या भेटीला तिघांना एकत्र बसवलं आणि ठरवलं, आज कुणाचीच बाजू घ्यायची नाही. वडिलांना म्हटलं, "तुमच्या सिनेमातल्या त्या यंत्राचं शेवटी काय होतं, सांगता?"

त्यांचा चेहरा खुलला. "ते फॉक्सच्या, म्हणजे आपल्या विश्वासू सहकाऱ्याच्या ताब्यात देतो ना बॅटमन. काम झालं की फॉक्स आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र नष्ट होतं."

"असं का केलं असेल?"

"कारण फॉक्सने आधीच सांगितलेलं असतं, हे यंत्र इथे असेपर्यंत मी इथे काम करणार नाही."

कुणी काही बोललं नाही. मुलाने खिशातून मोबाइल काढला, टेबलावर ठेवला आणि वडिलांच्या दिशेने सरकवला. त्यावर ते ॲप होतं, मुलगा कुठे आहे हे दिवसरात्र वडिलांना दाखवणारं. याबद्दल तोवर माझ्याकडे कुणी चकार शब्द काढला नव्हता. "बाबा, आपल्या घरात फॉक्स कुठाय?"

"अरे, मी तुझ्या भल्या..." एवढं बोलून वडील थांबले. आपल्या तोंडून काय निघतंय ते बहुधा त्यांनाच ऐकू आलं.

आणि मग आई बोलली. "मी तेव्हाच नको म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि ॲप टाकलंत."

पाच भेटींतलं तिचं हे पहिलं पूर्ण बोलणं. वडिलांनी ते पुरं केलं नाही, तोडलंही नाही. मुलगा आईकडे असा बघत राहिला, जणू तिला नव्याने भेटतोय. फॉक्स घरातच होता, त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, इतकंच. खरं सांगू? इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हा क्षण आणण्यात माझा वाटा गप्प बसण्याचा होता याचं मला आजही बरं वाटतं.

अशी काळजी घेऊन येणाऱ्यांना म्हणून मी सांगते, सिनेमावरून वाद घालू नका, तो तुम्ही हरणारच. मुलांना कथानक तुमच्यापेक्षा पाठ असतं. त्यापेक्षा विचारा, "त्याला 'नाही' कोण म्हणू शकतं?" आणि मग हाच प्रश्न हळूच घराकडे वळवा. आपल्याकडे शेवटचा 'नाही' कुणी म्हटला होता आणि त्याचं पुढे काय झालं? उत्तर आठवत नसेल, तर मुलगा सिनेमाबद्दल बोलत नाहीये असं समजायला हरकत नाही. प्रत्येक वेळी असंच असतं असं मात्र नाही. काही मुलांना खरोखर फक्त राजकारणात आणि गोष्टीत रस असतो, त्यांच्या घरात खोदकाम करू नये. मुलगा मित्रांपासूनही तुटला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, स्वतःबद्दलही तसंच तुच्छतेने बोलत असेल, तर मात्र तो कडवटपणा वेगळा. तिथे सुपरहिरो बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी.

उलट काळजी घेऊन येणारे पालक कमी, आणि मला खरी चिंता तिथे वाटते. "असाच एक जण पाहिजे, सगळ्यांना सरळ करेल," असं म्हणणारा मुलगा कुणाला खटकतच नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलंय की स्वातंत्र्याचं ओझं पेलवेनासं झालं की माणूस ते आनंदाने बलवानाच्या हवाली करतो. असा मुलगा सहसा कुठेतरी फार एकटा आणि घाबरलेला असतो. त्याला हुकूमशाहीवर व्याख्यान देऊ नका. घरातला एखादा छोटा निर्णय खरोखर त्याच्यावर सोपवा. तो चुकला तरी परत काढून घेऊ नका.

या घरात ॲप काढलं गेलं. कुठे जातोय आणि केव्हा येणार हे मुलाने स्वतः सांगायचं, असं ठरलं. शेवटच्या भेटीनंतर महिन्याभराने एका रात्री वडिलांचा फोन आला. आवाज जरा कापरा होता.

"मॅडम, आज त्याला उशीर झाला. ॲप पुन्हा टाकावं असं इतकं वाटलं..."

"मग काय केलंत?"

"हिला विचारलं. ही म्हणाली, फोन करा. केला. म्हणाला, वीस मिनिटं."

"आला?"

"पंचवीस लागली."